बारा-बीची बाई

३ नोव्हेंबर
पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर-५ मधल्या मी अभ्यासाला घेतलेल्या रस्त्यावरच्या चोवीस क्वार्टरांपैकी तेविसांच्या पहिल्या रहिवाशांचा पत्ता लागला! पद्धत साधी आहे, पण ती काटेकोरपणे पाळावी लागते — आधी कारखान्याची क्वार्टर-वाटपाची यादी, मग फोटो, सर्वांत शेवटी आठवणी. माणसं विसरतात, कागद विसरत नाही.
राहिलं फक्त बारा-बी.

६ नोव्हेंबर
वैशाली नगरहून भागीरथाबाई आल्या. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर असलेल्या सुखरामांच्या पत्नी; १९६६ मध्ये अकरा-बीत राहायच्या. वीस तारखेला लेकीकडे भंडाऱ्याला चालल्या, कायमच्या.
"बारा-बीच्या बाईनं मले सही शिकवली. अंगठा लावू त आमचे हे हासत! तिचं नाव सांग न बाई. नाव न घेता कशी जाऊ इथून?"
"तुम्ही तेव्हा विचारलं नाही?"
"कावून इचारू? ते बारा-बी, मी अकरा-बी!"
खरंच. त्या रस्त्यावर क्वार्टरचा नंबर हेच बायकांचं नाव होतं.
मग त्यांनी माझ्या वहीत सही करून दाखवली. आधी आडवी लांब रेघ, मग तिच्याखाली एकेक अक्षर. "बाई म्हणे, आंदी दोरी बांध, मंग कपडे टाक." किती सुंदर अध्यापन!

९ नोव्हेंबर
वाटपाच्या यादीचं राहिलेलं पान मिळालं. बारा-बी: शामसुंदर, १९६४ ते ६७. सुटलं कोडं!

११ नोव्हेंबर
नाही सुटलं. शामसुंदरांच्या कन्या कमलिनीताईंना रायपूरला फोन केला. त्या खळखळून हसल्या.
"आई शिकवणार? ती तर पोस्टमनकडून पत्रं वाचून घ्यायची! आणि आम्ही बारा-बीत राहिलोच नाही हो. बाबांनी एका दोस्ताशी क्वार्टर बदललं होतं, आपसात. कागद नाही, काही नाही. दोस्त कोण, राम जाणे."
म्हणजे कागद खोटं बोलला. तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, आणि ही शक्यता मनातही आली नाही!

१५ नोव्हेंबर
सतरा जणांना विचारलं. कोणालाच ठाऊक नाही. आईची औषधं आणायला दोनदा विसरले.
भागीरथाबाईंचा फोन: "भेटली का वो?"

१६ नोव्हेंबर
काही नाही.

१८ नोव्हेंबर
सकाळी आई किराण्याची यादी करत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, हात थरथरतो, तरी हट्टानं स्वतःच लिहिते. मी चहा घेऊन मागे उभी राहिले.
आधी तिनं कागदभर एक रेघ ओढली. मग तिच्याखाली — साबण.
कप खाली ठेवला.
"आई, ही रेघ आधी का?"
"दोरीच नसेल तर कपडे कुठे वाळत घालणार?"
"म्हणजे बारा-बीची बाई तू?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी शपथ घातली होती. बिनकागदाची अदलाबदल, नोकरीवर आलं असतं. तू सहा महिन्यांची असताना तिथून निघालो."
"इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंस!"
"गावभर विचारत फिरलीस. माझ्या खोलीत कधी वही घेऊन आलीस?"

१९ नोव्हेंबर
भागीरथाबाई आल्या. वहीत बारा-बीसमोरची जागा मी मोकळीच ठेवली होती. वही त्यांच्या हाती दिली. आधी रेघ. मग तिच्याखाली त्यांनी आईचं नाव लिहिलं: वासंती.
आई चष्मा लावून बघत राहिली. "अकरा-बी, दोरी ताणून बांध गं."