पहिल्या होलची डावी बाजू

४ मार्च
चारशे बारा मीटर! फीत दोनदा ओढली, तरी तेवढेच. आणि एवढं अंतर चार फटक्यांत कापून चेंडू भोकात घालायचा म्हणे. पालिकेच्या गोल्फ मैदानाचा हा पहिलाच होल, म्हणजे खेळाचा पहिला टप्पा. उजव्या कडेने येणारा ओढा मध्येच निम्म्या रुंदीपर्यंत आत घुसतो. मी जन्मात गोल्फची काठी धरलेली नाही. मी मोजणीवाली.

साहेबांचा हुकूम सरळ आहे – पहिल्याच होलला रांग तुंबते, निम्मे चेंडू ओढ्यात जातात, लोक तक्रारी करतात. तेव्हा ओढा बुजवायचा, उतार सपाट करायचा. मी मोजायचं आणि ‘करण्याजोगं आहे’ असं लिहायचं. माझं कंत्राट महिनाअखेर संपतंय, याची जाता जाता आठवणही करून दिली.

५ मार्च
सकाळी साडेसहापासून कुंपणाशी उभी. खेळणाऱ्यांचं अंग आखडलेलं, हात गार, पाठीमागे रांगेत वीस माणसं टक लावून बघतायत – आणि अशा अवस्थेत दिवसातला सगळ्यात अवघड फटका सगळ्यात आधी मारायचा! एक दातांचे डॉक्टर आले. दिवसभर लोकांच्या तोंडात सुई धरणारा हात. इथे त्याच हाताला चेंडू नीट ठेवता येईना. चेंडू तीनदा घरंगळला. कोणी हसलं नाही. पुढे आपलाच नंबर आहे, हे प्रत्येकाला दिसत होतं.

७ मार्च
यंत्र लावून उंचसखल मोजलं. थक्क झाले. वाळूचा खड्डा भोकातल्या झेंड्याला चिकटून आहे असं वाटतं. प्रत्यक्षात छत्तीस मीटर अलीकडे. झेंड्याभोवतीची हिरवळ ताटासारखी सपाट दिसते; ती मागच्या अंगाला चांगली दोन वीत उतरते. मधलं गवत ओढ्याकडे इतकं हलकेच कललंय की नेमका पडलेला चेंडूसुद्धा पाण्याकडे सरकतो. आकडे वहीत लिहिले, मान वर करून पुन्हा बघितलं – तरी डोळे फसलेच! कोणी आखलं असेल हे? त्याला माणसाचं मन केवढं ठाऊक असेल!

रात्री जेवताना ह्यांना सांगत सुटले. हे म्हणाले, सांगितलंय ते लिही आणि मोकळी हो.

८ मार्च
काही लिहिलं नाही. पाय भरून आलेत.

११ मार्च
तिथलं गवत कापतात ते माळीकाका. त्यांनी आज खूण करून मला एक बाई दाखवल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या. सगळे त्यांना कासवबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांनी झेंड्याकडे बघितलंच नाही. डावीकडे झुडपांच्या कडेने मोकळं गवत आहे, तिकडे एक छोटा फटका. मग आणखी एक. ओढा बाजूलाच राहिला. पाच फटक्यांत चेंडू आत! त्यांच्याआधीच्या धिप्पाड गड्याला आठ लागले होते.

चारात का नाही, म्हणून विचारलं.

"अगं, सकाळी सकाळी सगळं कशाला हवं? पाच घ्यायचे आणि चालायला लागायचं."

इतके दिवस मी तिथेच उभी, आणि ती वाट मला दिसली नव्हती! झेंडा दिसला की डोळे दुसरीकडे वळतच नाहीत. एवढा अवघड होल करायचा, आणि त्यातच सगळ्यांसाठी एक दार उघडं ठेवायचं!

१४ मार्च
अहवाल दिला. ओढा राहू द्यावा. आखणाऱ्याने मुद्दाम ठेवलेल्या डाव्या वाटेची पाटी लावावी, दोन गटांमध्ये चार मिनिटं वाढवावीत, रांग आपोआप सुटेल.

साहेबांनी शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला.

"तुला मोजायला पाठवलं होतं."

मग म्हणाले, ती वाट मुद्दाम ठेवलीय असं मूळ नकाशात दाखव. मग बघू.

१८ मार्च
दप्तरखान्यातल्या कारकुनाने शिडी लावून नकाशा काढून दिला. माझं तोंडच पडलं. हा होल पहिला नव्हताच! याचा नंबर नववा. पूर्वी खेळ पलीकडच्या फाटकापासून सुरू व्हायचा; तिथून रस्ता गेला आणि नंबर फिरले. म्हणजे हा आखला होता अंग मोकळं झालेल्यांसाठी. आणि डावीकडे काय? दाट झुडपं, थेट ओढ्याच्या टोकाला टेकलेली. वाट नाहीच. कोणीच ठेवलेली नाही.

१९ मार्च
माळीकाकांना सांगायला गेले. ते गवत कापायच्या यंत्राला तेल घालत होते. नंबर फिरले त्याच वर्षी ते नोकरीला लागले. पहिल्याच आठवड्यात एक बाई या होलवरून रडत परत गेली, म्हणाले.

"मग झुडपं मागे सारायला लागलो. वर्षाला एक मीटर. कोणाच्या ध्यानात आलं नाही."

मोकळ्या गवताला फीत लावली. अठ्ठावीस मीटर. काकांची नोकरी एकोणतीस वर्षांची. विचारलं, तर म्हणाले, एक वर्ष पाय मोडून घरी होतो.

२० मार्च
नव्या नकाशात वाट काढली. ‘आखणी’ या शब्दापुढे काकांचं नाव लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. कंत्राटाचं काही बोलले नाहीत. ओढा राहील, एवढं म्हणाले आणि सही केली.