नाचऱ्याचा राहिलेला फोटो

११ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे डोंगरावर! तंबू इथल्या विश्रामगृहाच्या राखणदारानं ठोकला. आम्ही दोघं दोऱ्या धरून नुसती लुडबुड केली. उतरल्या उतरल्या ह्यांची एकच चौकशी — नाचरा दिसतो का अजून? राखणदार म्हणाला, स्वयंपाकघरामागच्या बागेत रोज असतो, पण एका जागी बसेल तर शपथ.

लग्न झाल्यावर इथेच आलो होतो तेव्हाही तेच. इवलासा पक्षी, शेपटीचा पंखा उघडतो, मिटतो, की भुर्र. ह्यांनी अख्खा रोल त्याच्यावर संपवला. मी तेव्हा स्टुडिओत फोटो धुवायला शिकत होते. लाल दिव्याखाली एकेक प्रिंट वर येत गेली आणि सगळ्यांवर नुसत्या फांद्या! हसून हसून पोटं दुखली होती. मग स्टुडिओ, शाळांच्या वर्गांचे फोटो, लोकांची लग्नं — परत यायचं राहूनच गेलं.

१२ नोव्हेंबर

ह्यांचा एक डोळा गेलाच आहे. उरलेल्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. "आशा ठेवा, भरवसा नको," असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून हे हट्टालाच पेटले — आधी डोंगर, मग दवाखाना. लेकीनं तिचा नवा कॅमेरा देऊ केला, तर म्हणे त्यात फोटो काढल्यासारखं वाटत नाही. फ्रिजमध्ये एकच रोल उरला होता. तो काल ह्यांनी स्वतः भरला, मला हात लावू दिला नाही.

आज दिवसभर बागेत. खार, कुंपणावरचा सरडा, बुलबुलांची जोडी — आणि नाचरा! "सापडला गं, पंख्यासकट!" असं म्हणून चहा सांडला अंगावर. किती वर्षांनी हे असे खुशीत दिसले. मला फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

मनात पाल चुकचुकली ती खरी ठरली. पुढच्या फोटोसाठी कळ ओढली की कॅमेऱ्यावरची छोटी चकती फिरायला हवी. आज नीट बघितलं — ती जागची हलत नाही. म्हणजे रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. एकही फोटो नाही. खार नाही, सरडा नाही, काही नाही!

सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी. अंधाऱ्या खोलीत बोटांनी रोल भरणारा माणूस हा. त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

१४ नोव्हेंबर

सांगितलं. उद्या निघायचं, आज नाही तर कधी?

चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. चकतीवर बोट ठेवून दोनदा कळ ओढून बघितली. मग म्हणाले, "चाचपूनच भरला होता गं." मी उगीच टोपी झटकत राहिले.

मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. "तू भर. आणि फोटोही तूच काढ. मी ऐकतो."

आयुष्यभर ह्यांनी काढायचे आणि मी धुवायचे, अशीच वाटणी होती आमची. भरला रोल. चकती फिरली! मग बागेत बसलो. हे डोळे मिटून, माझ्या खांद्यावर हात ठेवून. नाचऱ्याची शीळ ऐकू आली की हळूच सांगायचे — लिंबाच्या झाडाच्या डावीकडे. खाली आला. नाही, उडाला, थांब. आणि खरंच, म्हणतील तिथे तो असायचा! मी बघायचं विसरून ह्यांच्याच तोंडाकडे बघत बसले एकदा, तर खांदा दाबून म्हणाले, "तिकडे बघ."

दुपार कलली तेव्हा तो समोरच्या काठीवर उतरला. पंखा उघडला. "दाब," हे म्हणाले. मी दाबलं.

१५ नोव्हेंबर

परत निघालो. राखणदारानं लिंबं दिली.

२१ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. मी घरी येऊन रोल धुतला, जुने ट्रे न्हाणीघरात मांडून प्रिंट काढली. कुणाला दाखवली नाही. पट्टी निघाली की आधी ह्यांनी बघायची.

२६ नोव्हेंबर

पट्टी काढली. उजेडसुद्धा कळत नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, फोटो दे. दिला.

"आलाय का?"

"आलाय. पण हललाय."

"नाचरा, की तू?"

"मी."

हसले. फोटोला बोट लागलं की डाग पडतात म्हणून जन्मभर सगळ्यांवर खेकसत आलेला हा माणूस, आज संध्याकाळभर त्याच्यावरून अंगठा फिरवत बसलाय.