मासोळी टाकीत सापडली त्याची हकिकत

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकट्याचा दंडवत (लांबूनच; हल्ली सगळंच लांबून). भाऊजींचा गुडघा आणि तुझा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे तब्येती ठणठणीत. साथ अजून घरात शिरलेली नाही. तेवढी सोडून बाकी सगळं शिरलं आहे. तुझा फोन लागत नाही (तो अधूनमधून चार्ज करायचा असतो, ताई), म्हणून हे पत्र.

विषय अर्थातच तुझी भाची. तू मासोळी म्हणून जिचं कौतुक करायचीस, ती पहाटे गजर व्हायच्या आत उठून बॅग खांद्याला लावून दारात उभी असायची, आणि मी डोळे चोळत स्कूटर काढायचो. तेव्हा मी किती कुरकुर केली ते तुला ठाऊक आहे. आता पोहण्याच्या तलावाला कुलूप लागलं, तर कुरकुर करायलाही काही उरलं नाही. मी सवयीने पहाटे उठतो आणि स्वयंपाकघरात भुतासारखा उभा राहतो. मासोळी तेव्हा झोपायला निघालेली असते. आम्ही एकमेकांना 'गुड मॉर्निंग' आणि 'गुड नाइट' एकाच वेळी म्हणतो. मग ती दुपारच्या जेवणाला उठते, उठली की सोफ्यावर आडवी होते, आणि आडवं होऊन दमली की पुन्हा झोपते. तिचे कोच मोबाइलवरून विचारतात, "झोप होते ना व्यवस्थित?" ती म्हणते, "भरपूर, सर." यात खोटं काय आहे, सांग!

कोचनी घरच्या घरी व्यायाम सांगितला होता. रबराची नळी जड वस्तूला बांधायची, पालथं पडायचं आणि पोहल्यासारखे हात ओढायचे. आमच्या घरातली जड वस्तू म्हणजे जेवणाचं टेबल. माझी प्रयोगशाळा बंद असल्यामुळे मी सध्या त्याच टेबलावर लोकांच्या कवळ्या बनवतो. मासोळीने हात ओढले, टेबल तिच्यामागे निघालं आणि कोणाकोणाचे दात फरशीभर विखुरले. एक कवळी कपाटाखालून काढताना माझी पाठ धरली. त्यावर तुझी भावजय मलाच म्हणाली, "टेबल जरा घट्ट धरता येत नाही?" व्यायाम त्या दिवशी संपला.

आता मूळ प्रकार. मागच्या आठवड्यात सकाळी गच्चीवरून अशी किंकाळी आली की मला वाटलं कोणी पडलं. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी (हे गृहस्थ दाराची कडीसुद्धा कोपराने लावतात) पाणी कमी का येतं ते बघायला टाकीचं झाकण उघडून वाकले होते. आत पाण्यावर तुझी भाची उताणी तरंगत होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अपार समाधान. त्यांना वाटलं, गेली. ते ओरडले, त्याने ती दचकली, आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या मास्कवर.

ताई, अख्खी इमारत ते पाणी पिते! दिवसातून वीस वेळा हात धुणारी माणसं, भाजीसुद्धा साबणाने धुणारी, आणि आमची कन्या त्यांच्या पिण्याच्या पाण्यात. मी दारोदार माफी मागत फिरलो. लोक दार किलकिलं करून माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच टाकीतून निघालोय. शेवटी निकाल लागला: टाकी रिकामी करून आम्ही बापलेकींनी घासायची.

मग मी, माझी धरलेली पाठ आणि मासोळी असे तिघे शिडीने टाकीत उतरलो. मी मनातल्या मनात एक लांबलचक भाषण तयार केलं होतं. पण ती खाली मान घालून भिंत घासता घासता म्हणाली, "बाबा, मला आता पोहता येत नाही बहुतेक."

"काहीतरीच काय! सात वर्षं पोहतेस."

"पाणी हाताला लागतच नाही. आधी असं पकडता यायचं. आठवतंय का तेच बघायला उतरले होते. चार हात मारले की भिंत." मग म्हणाली, "यंदाची स्पर्धेची निवड गेली. पुढच्या वर्षी मी मोठ्या वयोगटात. तिथे मला कोण विचारतंय?"

टाकीत आवाज घुमतो, ताई. तो प्रश्न तीनदा ऐकू आला. लोकांना नवे दात बसवून देण्याखेरीज मला येतं काय? मी म्हटलं, "तो कोपरा राहिला बघ," आणि दोघंही संध्याकाळपर्यंत घासत राहिलो. माझं भाषण तसंच राहिलं.

त्या दिवशी ती जेवताना पेंगत होती. हात धुऊन लगेच झोपली ती थेट पहाटे उठली, तीही कडकडीत भूक घेऊन. स्वयंपाकघरात आम्ही दोघं उभ्या उभ्या ब्रेड खात होतो, आणि खिडकीतून उजेड येईपर्यंत ती बडबडत होती. मला वाटलं, सुटलो! पण रोज घासायला टाकी कुठून आणू? सेक्रेटरींनी झाकणाला आता कुलूप घातलंय. दोन दिवसांत गाडी परत दुपारच्या जेवणावर आली. मी अगदी टेकीला आलोय.

भाऊजींना नमस्कार सांग. जपून राहा.

तुझा,
धाकटा

ता.क. तुमच्या घरामागचं तळं अजून आहे ना? आणि भाऊजींना काठावर खुर्ची टाकून बसायला आवडतं, असं मला उगाच आठवलं. मासोळीला महिनाभर ठेवून घेशील का? खाते भरपूर, हे आधीच सांगतो.

आणखी एक. विचारायची रीत म्हणून विचारलं. प्रवासाचा परवाना कालच मिळाला आणि आम्ही दोघं शनिवारी निघतोय (मीही, कारण कवळ्या तुमच्या टेबलावरही होतील). टपालाची सध्याची चाल बघता हे पत्र आमच्या मागून पोचेल. चष्मा शोधत बसू नकोस, मीच वाचून दाखवीन.