वजूचं पाणी कुठं जातं

१९ फेब्रुवारी

काल यांना जाऊन चाळीस दिवस झाले, चाळीसावा झाला. सकाळी मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. टँकर आला नाही. दोन ड्रम भरलेले आहेत, ते पुरवायचे. अबुबकर दुपारच्या गाडीने पुण्याला परत गेला. अजीजुन्निसाआपा, माझी मोठी नणंद, इद्दत, म्हणजे विधवेचे चार महिने दहा दिवस, संपेपर्यंत सोबतीला राहणार आहेत. मेच्या मध्यापर्यंत मी घराबाहेर जायचं नाही.

निघताना अबुबकर म्हणाला, "मेमध्ये येतो अम्मी, तुम्हाला घेऊनच जातो. घराला कुलूप लावू. बोर कोरडा, टँकरचा भरोसा न्हाई. एकट्या कशा राहणार?"

मी विचारलं, आपल्या बोरला पाणी आलं तर?

तो हसला. "आलं तर राहा. मंग मी काही बोलणार न्हाई."

त्यानं चेष्टेत म्हटलं. मी चेष्टेत विचारलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

खिडकीशी बसणं वाढलंय. समोर मशिदीची भिंत, खाली नाली. आज ती नाली पहिल्यांदा नीट बघितली. गटार वेगळं आहे, ही वेगळी. वजूचं पाणी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतलेलं, गटारात मिसळू नये म्हणून जुन्या लोकांनी त्याला अलग वाट करून दिली. अदब म्हणून. ती वाट आमच्या अंगणाच्या भिंतीला लागून जाते आणि पुढं चौकात, रस्त्यावर संपते.

म्हणजे चौकातला तो कायमचा चिखल याचाच! इतकी वर्षं साडी वर धरून त्यातून गेले. हे पाणी कुठून येतं असं कधी मनात आलं नाही.

२३ फेब्रुवारी, जुम्मा

आज दुपारी नाली तुडुंब. खिडकीतून लिंबाचं पान टाकलं. भरभर निघून गेलं. मग आणखी एक टाकलं.

आपा म्हणाल्या, "बच्चों के सरीखा पत्ते क्या बहा रही?"

बघतेय, म्हटलं.

"क्या देख रही?"

मी तिसरं पान टाकलं.

२६ फेब्रुवारी

कौसल्याबाई भेटायला आल्या. खालच्या गल्लीत राहतात. यांच्या शाळेशेजारच्या अंगणवाडीत आहेत.

"वहिनी, गुरुजींची भाषणं अजून कानात हायेत बघा. पृथ्वीचा ताप वाढून राह्यला, म्हणायचे. आमचा हापसा आटला तवा बी म्हणले, हे साऱ्या जगाचं दुखणं हाय. मी म्हणलं, गुरुजी, जगाचं राहू द्या, आमच्या हापशाचं बोला!"

दोघी हसलो. मग मी रडले. त्या हात धरून बसल्या.

हे बोलायचे छानच. परतूरला, जालन्याला बोलावणी यायची. टाळ्या पडायच्या. आणि घरी दाढी करताना नळ चालू — मी जाऊन बंद करायची. वजूच्या पाण्याचंही मशीद कमिटीत बोलले होते. सगळे म्हणाले, बिलकुल बराबर. मग चहा झाला.

कौसल्याबाईंनी एक बातमीही आणली. कमिटी चौकात फ्लेक्स लावणार आहे. यांचा फोटो, खाली 'पाणी वाचवा'. म्हणजे त्या चिखलाच्या बरोबर वर.

२८ फेब्रुवारी

कमिटीचे सदरसाहब आले. मी पडद्याआडून बोलले. फ्लेक्स नको म्हटलं. फोटो तर नकोच.

"मंग भाबी, फकरोद्दीनभाईंच्या नावानं काहीतरी केलं पाह्यजे ना?"

मी म्हटलं, आमच्या भिंतीला एक भोक पाडू द्या. नालीचं पाणी माझ्या अंगणात घ्या. बोर कोरडाच आहे, त्याच्याभोवती खड्डा करून त्यात मुरू दे. फ्लेक्सचा खर्चा तिकडं लावा, वरचा मी देते.

मग म्हणाले, "वापरलेलं पाणी पुन्हा वर येणार. त्यानं वजू चालंल का? लोक विचारतील."

मला ठाऊक नव्हतं. इमामसाहेबांना विचारा म्हटलं.

सदरसाहब गेल्यावर वाटलं, हे असते तर त्यांनी किती छान समजावलं असतं. मला दोन वाक्यांच्या पुढं जाता येत नाही.

२ मार्च

इमामसाहेबांचा निरोप — जमिनीत गेलं की ते जमिनीचं. करा.

६ मार्च

कचरू गवंडी दोन दिवस खणतोय. बोरच्या पाइपाभोवती पुरुषभर खड्डा. पाइपाला बारीक भोकं पाडून वर जाळी गुंडाळली. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू.

"भाबी, पाणी गेलं तर गेलं," तो खालून ओरडला. "खाली कोणत्या फटीनं कुठं जाईल, ते जमिनीचं जमीन जाणे."

मी दाराआडून विचारलं, आपल्याच बोरला लागेल ना?

"ते मला कसं म्हाईत? मी गवंडी, खाली जाऊन थोडंच आलोय."

१० मार्च

असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजाला पाणी आत आलं. वाळूवर पसरलं आणि दिसेनासं झालं. नुसता फेसाचा एक गोल राहिला, तोही फुटला. सूर्य बुडाल्यावर मगरिबला पुन्हा. आपा पण येऊन उभ्या राहिल्या. "किधर गया?" म्हणाल्या.

मलाही तेच कळेना. इतकं पाणी, आणि खाली आवाज नाही.

१५ मार्च, रमजान

रोजे सुरू. मशिदीत गर्दी दुप्पट, पाणीही. चौक सुकला. पोरं तिथं क्रिकेट खेळतात.

सुतळीला लोखंडी नट बांधून बोरमध्ये सोडला. सुतळी संपेपर्यंत. वर ओढला तेव्हा नट कोरडा, धूळ लागलेला. जास्त सुतळी आणायला सांगितली.

२९ मार्च

कोरडा.

५ एप्रिल

आज नट ओला वाटला. बोटाला लावून बघितलं, पदराला पुसून बघितलं. आपा म्हणाल्या, तुझ्याच हाताचा घाम. बहुतेक तेच.

अबुबकरचा फोन. तिथं खोली रंगवून घेतली. खिडकीतून बाग दिसते म्हणाला. चांगला आहे माझा पोरगा.

१२ एप्रिल

काल ईद. नवीन कपडे नाहीत, शीरखुर्मा आपांनी केला. मी दोन चमचे खाल्ला.

आज कौसल्याबाई धावत आल्या, चप्पल न काढता अंगणात. "वहिनी, आमच्या हापशाला पाणी आलं! एप्रिलात! नळाचं न्हाई, टँकरचं न्हाई. सकाळधरून सारी गल्ली लागून राह्यली."

मी त्यांना खूप विचारलं. किती हापसल्यावर येतं? रंग कसा? वास? मध्येच तुटतं का? "अहो, तुम्ही काय पोलीस का?" त्या म्हणाल्या. पहिलं गढूळ, नंतर नितळ, असं म्हणाल्या. तपासून घेईपर्यंत उकळून प्या, म्हटलं.

त्या गेल्यावर नट सोडला. कोरडा.

खालची गल्ली आमच्यापेक्षा उतारावर आहे. माझ्या अंगणातून शिरलेलं पाणी खडकातल्या फटीनं तिकडं निघालं असेल. अंधारात, कुणाला न विचारता. मला राग यायला हवा होता बहुतेक. मी कितीतरी वेळ जमिनीकडंच बघत होते.

१६ एप्रिल

सदरसाहब. "भाबी, लोक बोलून राह्यले. पाणी मशिदीचं, अंगण तुमचं, आणि हंडे भरून राह्यली खालची गल्ली. तुमच्या बोरला तर थेंब न्हाई. बंद करायचं का? भोक बुजवायला अर्धा दिवस."

आपा मध्येच म्हणाल्या, "बुजवा. हिचा काय फायदा?"

बुजवलं तर पाणी परत चौकात. लागणार कुणालाच नाही. आणि माझा बोर? अजून एक-दोन महिन्यांत इकडंही वळेल, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तशी काही चिन्हं नाहीत. मेमध्ये गाडी येणार.

तरी म्हटलं, चालू द्या.

"फकरोद्दीनभाईंनी पण हेच म्हटलं असतं," सदरसाहब म्हणाले.

म्हटलं असतं, हो.

२ मे

कोरडा. आता सुतळी सोडणं बंद केलं. आपांनी माझ्या बॅगा खाली काढून पुसल्या.

१८ मे

काल इद्दत संपली. सकाळी अबुबकरला फोन केला, गाडी करू नकोस म्हटलं.

"बोरला पाणी आलं?"

नाही, म्हटलं. खालच्या गल्लीत आलंय. तिथपर्यंत मी चालू शकते.

मग म्हणाला, पाय जपा.

आपा झोपल्या होत्या. घागर घेतली, उतारानं खाली गेले. हापशावर कुणी नव्हतं. घागर लावली आणि हापसायला लागले.