चुऱ्याची पिशवी

शनिवार, संध्याकाळ. लोणावळा.

डोकं अजून तापलेलंच आहे. काल शाळेत वजनं केली आणि पीटीच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या सायलीला विचारलं, "घरी काय कोंबतात गं तुला?" तेरा वर्षांची पोर. रात्री जेवली नाही.

आज चिक्कीच्या दुकानात अर्धी सुट्टी टाकली आणि थेट शाळा गाठली. मैदानात पर्यटकांच्या गाड्या. शनिवार-रविवार मैदान पार्किंगला, पीटीचे तास गणिताला, आणि वजन वाढलं की दोष आईचा! तोंडावर विचारलं, "सर, पोरांनी पळायचं कुठं? गाड्यांच्या टपावर?" तर म्हणे, "मॅडम, ते मुख्याध्यापकांना विचारा." विचारणारच आहे. सोडते की काय! लाज कशी वाटत नाही मेल्याला?

तणतणत घरी निघाले. पर्समध्ये चुऱ्याची पिशवी होतीच. तुटलेली चिक्की विकायला ठेवत नाहीत, आम्ही बायका वाटून घेतो. सायली शाळेतून आली की एकटीच असते. रस्त्यावर ही वाहनं, म्हणून मीच सांगते, दार लावून टीव्ही बघत बस. आणि बसते बिचारी, म्हणून रोज ती पिशवी. पण मूठभर चुऱ्यानं काय होतंय? मूठभरच तर असतो.

रोज.

घरी गेल्या गेल्या सांगणार होते, तुझ्या सरांना चांगलं झाडून आले. सायलीनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही तिनं. पर्सकडे पाहिलं.

आणि मी पिशवी काढून दिली.