सव्वासातचं हिरवं टिंब

प्रिय मिस्त्रीबाई,

हे नाव वाचून कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे. आठ महिन्यांत मी तुला कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही, त्यामुळे सगळ्यात जुनं तेच आधी आठवलं. पत्र हाताने लिहितेय. टाइप करायला बसले की मागे जाऊन खोडत बसते आणि दोन वाक्यांच्या वर काही उरत नाही. कालपासून चार वेळा करून पाहिलं. अक्षर गिचमिड आलंय, कारण मी एका जागी बसून लिहीत नाहीये. अर्धं पान ओट्यापाशी उभ्याने, अर्धं खिडकीत. बसवतच नाही. घरातल्या घरात नुसत्या येरझारा चालल्यात. मघाशी दूध तापत ठेवून गॅलरीत गेले आणि तिथे कशाला आले तेच आठवेना. दूध अर्थातच उतू गेलं.

आधी कामाचं सांगते, म्हणजे बाकीचं सांगायला धीर येईल. आपला कॉम्प्युटर आता पळायला लागलाय. हो, तोच, ज्याला तू फोनवर भंगार म्हणाली होतीस. झालं असं, की महिन्यापूर्वी मुंग्यांवाल्या प्राध्यापकांनी त्यांचा प्रबंध आणून टेबलावर आदळला. तीनशे ऐंशी पानं, सगळी मुंग्यांवर, आणि अक्षरही मुंग्यांसारखंच. एकवीस तारखेच्या आत विद्यापीठात पोचवायचा होता. माझ्या हाताचं काही नाही गं. पंचवीस वर्षं टायपिंगच्या क्लासमध्ये मुलींना वेग शिकवला, मी दिवसाला वीस पानं हसत काढते. पण मशीन! 'मुंगीच्या डोक्याची रुंदी' एवढं टाइप करून मी पाणी पिऊन यावं, तरी पडद्यावरची मुंगी डोक्यापर्यंत पोचलेली नसायची. क्लासमधलं स्टॉपवॉच काढून मोजलं, तर नुसतं सुरू व्हायलाच सहा मिनिटं दहा सेकंद. पहिल्या आठवड्यात पन्नास पानंसुद्धा झाली नाहीत. प्राध्यापकांनी फार सभ्यपणे विचारलं, की बाई, दुसरीकडे देऊ का? ओरडले असते तर मीही ओरडले असते. सभ्यपणे विचारल्यावर काय करणार? घेतलेलं काम मी आजवर एकदाही परत पाठवलेलं नाही, तुला माहीत आहे.

मग तुझा कागद आठवला. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, चार वर्षांपूर्वी तू निघताना लिहिलेला. वर दोन रेघा मारून 'आई, मशीन हळू झालं तर'. खरं सांगायचं तर आठवला वगैरे काही नाही. तो तिथे आहे हे मला रोज माहीत असायचं. आठ महिने ते दार उघडताना मी मान दुसरीकडे वळवत होते, इतकंच. त्या दिवशी चष्मा पुसून नीट वाचला.

पडद्यावरचा पसारा आवर, असं पहिलंच. पसारा म्हणजे काय, मागचं चित्रच दिसेनासं झालं होतं. एकेका प्रबंधाच्या नऊ नऊ प्रती, 'शेवटची', 'खरी शेवटची', 'हीच शेवटची'. जुनी कामं सगळी बाहेरच्या डिस्कवर हलवली. डिस्क गळ्यापर्यंत भरली की मशीनला श्वास घ्यायला जागा राहत नाही, असं तूच लिहिलंयस. कचऱ्याची टोपली रिकामी केली. माझा समज होता की टोपलीत टाकलं म्हणजे गेलं. ब्राउझरमध्ये एकतीस खिडक्या उघड्या होत्या, त्यातल्या चार गुडघेदुखीच्या. सगळ्या मिटल्या. खिडक्या सरकताना उगाच होणारी नाचानाच तुझ्या सांगण्यावरून बंद केली. एवढं करून पाच मिनिटं वीस सेकंद. कपाळ!

पुढचं कलम होतं आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचं. बटण दाबल्याबरोबर कोण कोण न बोलावता उठून बसतं, त्याची यादी. मी उघडली तर एकोणीस नावं! तू लिहिलं होतंस, 'गरज नाही ते बंद कर, शंका आली तर मला विचार.' आता विचारायचं कुठल्या तोंडाने? मग मी माझ्या पद्धतीने केलं. प्रूफ तपासताना मूळ प्रतीत नसलेला शब्द दिसला की मी विचार करत बसत नाही, सरळ काट मारते. तशीच मारली. प्रिंटरवाला ओळखीचा, तो ठेवला. फाँटवाला ठेवला, व्हायरसवाला ठेवला. उरलेल्या सोळांपैकी एकाचंही नाव माझ्या ओळखीचं नव्हतं, आणि एकाच्या पुढे तर बनवणाऱ्याचा पत्ताच नव्हता. म्हटलं, हाच तो फुकट्या. सोळाच्या सोळा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मिनिटं पंचावन्न! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मग चळच लागला. त्याच दिवशी बाजारात जाऊन मेमरीची पट्टी आणली. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाई मशीनचं वय ऐकून म्हणाल्या, मावशी, आता याला निरोप द्या. मी म्हटलं, निरोपाचं मी बघते, तुम्ही पट्टी द्या. नेमकी कुठली लागते ते तू कागदावर लिहिलेलं असल्यामुळे मला काही समजत नाही हे त्यांना कळलंच नाही. पट्टी दोन दिवस तशीच टेबलावर पडून होती. मशीनची पेटी उघडायचा धीर होईना. चौथ्या दिवशी सकाळी प्लग काढला, देवाचं नाव घेतलं आणि स्क्रू फिरवले. तुझा कागद शेजारी. 'धूळ पूस. ओल्या फडक्याने नाही. आई, ओल्या फडक्याने नाही.' दोनदा लिहिलंयस. ओळखून आहेस. कोरड्या ब्रशने पुसली. पंख्यावर एवढी धूळ होती, की त्यात उशी भरली असती.

आणि पेटीचा पत्रा पुसायला उलटा केला, तर आतल्या बाजूला मार्करने तुझं अक्षर. सतराव्या वर्षीचं, उजवीकडे पडणारं. 'ही पेटी उघडणाऱ्याने आधी माझ्या आईची परवानगी घ्यावी.' बारा वर्षं ते वाक्य आतल्या बाजूला होतं आणि मला पत्ता नाही. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी क्लास बंद झाला, टाइपरायटर गेले, मी दिवसभर कोऱ्या टेबलासमोर बसून असायचे. तेव्हा तू क्लासमधली कॉम्प्युटरची तीन मेलेली मशीनं घरी ओढून आणलीस आणि सगळी सुट्टी जमिनीवर फतकल मारून त्यातून हे एक उभं केलंस. जिवंत झालं तेव्हा म्हणालीस, 'आई, बस आता, टाइप कर.' मी काय टाइप केलं होतं ते आठवतंय का तुला? 'मिस्त्रीबाई' टाइप केलं होतं. तेच पहिलं.

म्हणून तुझा लॅपटॉप परत पाठवला. बाकी काहीही कारण नव्हतं. माझ्या वाढदिवसाला आला, मी कागदसुद्धा फाडला नाही, वर 'नको, आहे' एवढं खरडलं आणि पाठवून दिला. हा आला की तो जाणार, असं मनात बसलं. हे तुला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तू फोनवर चिडून भंगार म्हणालीस आणि माझंही डोकं सटकलं. तू म्हणालीस, माझं काहीच तुला चालत नाही. मी म्हणाले, माझ्या घरात लुडबुड करू नकोस. तो शब्द मी मागे घेते. घ्यायला आठ महिने लागले, त्याला माझ्या स्वभावाशिवाय कुणी जबाबदार नाही.

तर मी तो पत्रा मांडीवर घेऊन बसलेली, डोळे पुसताना धूळ नाकावर गेलेली, आणि दारात टेलरकाका. ज्यांना खालच्या मजल्यावरून फाटकापर्यंत जायला गुडघे विचारावे लागतात, ते दोन जिने चढून वर. गळ्यात टेप, धाप लागलेली. म्हणे सहज आलो. मी पाणी दिलं. इकडेतिकडे बघितलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि निघाले. पण जिन्यात पोचायच्या आधीच फोनवर बोलायला लागले, आणि त्यांचं हळू बोलणं तुला माहीत आहे, अख्ख्या इमारतीला ऐकू जातं. 'ठणठणीत आहेत गं. यंत्राचं पोट फाडून बसल्यात.' मी तशीच मागे धावले. जिन्यावर गाठलं. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या वेळी आली होतीस तेव्हा तू मशीनमध्ये एक प्रोग्रॅम ठेवून गेलीस, म्हणजे काही बिघडलं तर तुला तिकडे बसून दुरुस्त करता येईल. मी इथे बटण दाबलं की तिकडे तुझ्या पडद्यावर एक हिरवं टिंब उमटतं. रोज सव्वासातला. तोच तो बिनपत्त्याचा फुकट्या. मी त्याला काट मारली आणि चार दिवस तुला टिंब दिसलं नाही.

आधी मला राग आला, लपवत नाही. जिन्यातच काकांना म्हटलं, ही काय पाळत ठेवायची रीत झाली? तरातरा वर आले, पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली, खट् आवाज येईपर्यंत. राग होता म्हणून एका दमात बसली. पत्रा लावला, बटण दाबलं, एक मिनिट पन्नास सेकंद. त्या दिवशी बत्तीस पानं टाइप केली. मग संध्याकाळी भाजी चिरताना एकदम आठवलं, की मध्ये दोनदा काकांनी खालून हाक मारून विचारलं होतं, वर सगळं बरं ना? एकदा मी सर्दीने उशिरा उठले होते, एकदा वीज गेली होती; दोन्ही दिवशी सव्वासातला टिंब उमटलं नसणार. मला वाटलं होतं म्हातारा चौकस झालाय. सुरी खाली ठेवून मी ओट्यापाशीच उभी राहिले. भाजी राहिली तशीच.

प्रबंध परवा गेला, मुदतीच्या दोन दिवस आधी. प्राध्यापक खूष. पण मला आता एक नवीनच त्रास झालाय. मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं लागायची ना, ती मी काय करायचे सांगू? फोन हातात घेऊन बसायचे. तुझा नंबर काढायचा, आज बोलायचंच असं ठरवायचं, पहिलं वाक्य जुळवायचं. तेवढ्यात पडदा उजळायचा आणि मी फोन ठेवून कामाला लागायचे. रोज. आता दोन मिनिटं होत नाहीत तोवर मशीन तयार, आणि कामही नाही. मी आणि फोन, समोरासमोर. काल दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. ते टिंब मी अजून परत लावलेलं नाही. कसं लावायचं ते कळलंय, जिथे काट मारली तिथेच परत हो म्हणायचं असतं. पण लावलं की तू टिंब बघशील आणि मी पडदा बघेन, आणि पुढचे आठ महिनेही असेच जातील. मला ते नको आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. काल संध्याकाळी जिन्यात काका भेटले आणि बोलता बोलता बोलून गेले, की त्या दिवशी त्यांना फोन करायच्या आधीच तू तिकीट काढलं होतंस, दुसऱ्या दिवशी पहाटेचं. ते म्हणाले ठणठणीत आहेत, आणि तू रद्द केलंस. काका खोटं बोललेले नाहीत. गुडघे सोडले तर मला काही झालेलं नाही. पण तू येणार होतीस, सामानही भरलं असशील, आणि मी बरी निघाले म्हणून आली नाहीस, हे कालपासून माझ्या घशाखाली उतरत नाहीये. धडधाकट आईकडेही यायचं असतं गं. मला काही व्हायची वाट बघू नकोस, आणि मीही तसलं काही करून दाखवणार नाही. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, मी ऐकून घेईन. ते तिकीट पुन्हा काढ.

तुझीच, कालपासून खाली न बसलेली,
आई