इन्स्पेक्टरला मी आत या म्हटलं

अण्णा, माझे डबे बंद झाले. हे तुम्हाला कळायला आधी बरंच सांगावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं आणि अमेरिका म्हणजे आपल्या घरी शाळेच्या नकाशातला एक रंग होता. आता मी टेक्सासमध्ये राहते, डॅलसच्या उत्तरेला. परवापर्यंत शेत होतं तिथे आज एकसारख्या घरांची रांग उभी, असं हे गाव आहे. जावई तुम्ही पाहिले नाहीत. इंजिनियर होते, शांत होते, जेवताना पुस्तक वाचायचे. त्यांच्याबरोबर आले, त्यांच्याबरोबर इथली नागरिक झाले, आणि नंतर लवकरच ते गेले. मुलगा मिनेसोटात असतो, ईडन प्रेरीला, बायको आणि मुलांसह. रोज फोन करतो. ‘आई, तिथे एकटी राहून तुला काय प्रूव्ह करायचंय?’ मी म्हणते, प्रूव्ह काही नाही रे, डबे करायचेत.

डबे कसे सुरू झाले ते सांगते. ह्यांच्या ऑफिसातला एक नागपूरचा तरुण इंजिनियर हे गेल्यावर भेटायला आला. चार जण एका अपार्टमेंटमध्ये राहायचे आणि कोणालाच स्वयंपाक येत नव्हता. मी त्याला वरणभात वाढला. तो पुन्हा आला, मग मित्राला घेऊन आला, आणि एक दिवस ताटावरून उठताना म्हणाला, ‘काकू, असं फुकट किती दिवस खाणार? लाज वाटते. पैसे घ्या, म्हणजे रोज येता येईल.’ मला त्याचं म्हणणं पटलं. मी पैसे घेतले आणि त्याची मान वर झाली, माझीही झाली. हळूहळू पंधरा-वीस मुलं झाली. संध्याकाळी गाड्या यायच्या. पोळी, भाजी, आमटी, भात, आणि गुरुवारी ज्याचा उपास असेल त्याला खिचडी. ह्यांच्या माघारी घराचे हप्ते त्यावर निघत होते. मुलाकडे जाऊन त्याच्या घरात आई म्हणून बसायचं की माझ्या घरात माझ्या हातांवर राहायचं, हा प्रश्न त्या डब्यांनी सोडवला होता.

दुपारची वेळ. मी पोळ्या लाटतेय आणि बेल वाजते. दारात एक तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद अडकवलेली पाटी. ऊन असं की तिच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आलेला. कोणीतरी तक्रार केली होती, कोणी ते मला आजही माहीत नाही. ती अदबीनं म्हणाली, ‘मॅम, मी शहराच्या आरोग्य खात्याकडून आलेय. आत येऊ का?’ आता ऐका, अण्णा. मला तिला काय सांगायचं ते ठाऊक होतं. मी शाळा मॅट्रिकलाच सोडली हे खरं, पण इथल्या लायब्ररीत बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी इंग्रजी वाचायला शिकले आणि या देशाच्या घटनेवरची पुस्तकंही वाचली. न्यायाधीशाच्या कागदाशिवाय सरकारी माणसानं घरात पाऊल टाकायचं नाही, टाकायचं ते घरमालकानं आपणहून बोलावलं तरच. ते कलम मला तोंडपाठ आहे. वाचलं तेव्हा वाटलं होतं, याच्यासाठी तरी या देशात यावं. आणि मी काय केलं? उन्हात उभ्या असलेल्या पोरीला दारातून परत जा म्हणायचं माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, ‘आत या, पाणी घ्या.’

ती आत आली. तिला पाणी दिलं, लाडू दिला. लाडू तिनं परत ठेवला, ‘आम्हाला काही घेता येत नाही.’ मग ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर डबे रचलेले होते. तिनं फ्रिजमध्ये थर्मामीटर घातलं, सिंक बघितलं, आमटीच्या पातेल्यात डोकावली आणि लिहीत राहिली. ‘तुमचं किचन फार स्वच्छ आहे,’ म्हणाली. मी म्हटलं, मग? ‘स्वच्छतेचा प्रश्नच नाही, मॅम. घरच्या किचनमधून अन्न विकता येत नाही.’ विकायचं तर लायसन्सचं किचन हवं, तीन खणांचं सिंक हवं, अमुक हवं. मी विचारलं, ‘आणि याच मुलांना, याच पातेल्यातून, मी तसंच वाढलं तर?’ तिनं कागदावरून मान वर केली. ‘फुकट? फुकट चालेल.’

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात आहे. आमटी तीच, मुलं तीच. विषबाधा व्हायची तर फुकटच्या आमटीनंही होईल. सरकारची हरकत आमटीला नव्हतीच. एका बाईनं आपल्या कष्टाचं मोल ठरवलं आणि दुसऱ्यानं ते आनंदानं दिलं, तेवढ्यालाच हरकत होती. नासकं विकणाऱ्याला पकडा, माझं काही म्हणणं नाही. पण कोणाचं काही बिघडलं नसताना, दोन माणसांच्या राजीखुशीच्या व्यवहारात तिसरा कोण?

तुम्ही म्हणाल, सरकारपुढे शहाणपणा नको. तुम्ही हे म्हणाला होतात, आणि घास ताटात खाली ठेवून म्हणाला होतात. चीनची लढाई झाली, सोन्याचा कायदा आला, चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायचा नाही असं ठरलं. तसल्या सोन्यात आपलं सोनारकाम होत नव्हतं आणि गिऱ्हाईक ते घेतही नव्हतं. आपल्याकडे अधिकारी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही त्याला सतरंजी घातलीत. आईनं आमच्यासाठी ठेवलेलं दूध त्याच्या चहात ओतलं. मग तो उठला, ऐरणीपाशी वाकला, शेगडीची राख उकरली आणि माजघरात शिरला. माजघर दिवसाही अंधारं. तर कंदील तुम्हीच पेटवलात, आणि तो जिकडे बघेल तिकडे तो कंदील तुम्हीच धरत होतात. त्याला काहीच सापडलं नाही. जाताना तुम्ही त्याला नमस्कार केलात. मग गिऱ्हाईक तुटलं, आणि तुम्ही खाकी कपडे घालून मामलेदार कचेरीत शिपाई झालात. त्या दिवसांतच मी जेवताना विचारलं होतं, ‘आपण काय चोरी केली होती?’ आणि तुम्ही घास खाली ठेवून मला ते वाक्य ऐकवलंत. पुढे म्हणालात, ‘लढाई आहे. देशाला सोनं लागतं.’

लढाई संपली, अण्णा. कायदा राहिला. पुढे त्यात थोडी ढिलाई आली, पण तोवर तुमचे हात फायली उचलायला लागले होते. एकदा, मी चौथीत असेन, तुम्ही आईची फुंकणी घेऊन चुलीवर माझ्यासाठी पितळेची अंगठी केलीत. पितळेला कुठलाही कायदा नव्हता. तरी पूर्ण वेळ तुमची नजर दाराकडे होती. अंगठी सुरेख झाली होती. पण मला अंगठीपेक्षा ती नजरच जास्त लक्षात राहिली. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो कायदा रद्द झाला. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. ज्यांचे हात बांधले होते त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती.

इथेही लढाई चालू आहे. दोन टॉवर पडले तेव्हापासून सगळं लढाईच्या नावानं चालतं. विमानतळावर माझ्या पिशवीतली मेतकुटाची पुडी तिघांनी हुंगली. लायब्ररीतल्या बाईंनी मला हळूच सांगितलं, की कोण काय वाचतं ते सरकार आता विचारू शकतं, आणि विचारलं तर आम्हाला तुम्हाला सांगायचीही बंदी आहे. परदेशातले फोन ऐकतात म्हणे. मुलगा म्हणतो, ‘आई, आपल्याला लपवायचंय काय? ऐकू दे ना.’ मी म्हटलं, अरे, संडासाचं दार आपण लावतो ते काही चोरी करतो म्हणून नाही. तो हसला, पण त्याला पटलं नाही. यंदा निवडणूक आहे. दोन्ही पक्षांची माणसं टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एकाला माझा फोन ऐकायचाय, माझ्या भल्यासाठी. दुसऱ्याला माझं सिंक मोजायचंय, तेही माझ्या भल्यासाठी. मला हवा आहे तो माणूस, जो निवडून आल्यावर मला माझ्यापाशी सोडून जाईल. तसं बोलणारा एखादा असतो, तर त्याला वादाच्या व्यासपीठावर अगदी कडेला उभं करतात आणि बाकीचे हसतात. मत आहे माझ्याकडे. कोणाला देऊ ते कळत नाही.

डब्याच्या मुलांना सांगितलं तेव्हा नागपूरचा म्हणाला, ‘काकू, आम्ही फ्रोझन पिझ्झा खाऊन मेलो तर यांना चालतं, यार. तुमच्या आमटीनं जगलो तर प्रॉब्लेम.’ सगळे हसले, मीही हसले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘सिंपल आहे. तुम्ही फुकट वाढा, आम्ही गिफ्ट देऊ. कोण विचारतंय?’ मी नाही म्हटलं. जे काम मी उघड्या दारानं केलं, ते पडदे ओढून करायचं नाही. लायसन्सचं किचनही बघून आले, एका हॉटेलच्या मागे, तासाच्या भाड्यानं. त्याचं भाडं दिलं तर डबे परवडत नाहीत. जे कायद्यात बसतं ते करायचं तर मला तोटा होतो, आणि नफा होतो तो गुन्हा होतो. चारी बाजूंनी बघितलं, दार कुठेच नाही. मेथी निवडायला बसले तरी खिडकीबाहेरून गाडी गेली की हात थांबतो, आणि ती मेथी माझ्या एकटीपुरती असते.

आता घर विकायला काढलंय. मुलानं तिकीट काढलंय. ‘आई, बेसमेंट पूर्ण तुझं,’ म्हणाला, प्रेमानंच म्हणाला. बेसमेंट म्हणजे तळघर. त्याची खिडकी वर छताजवळ असते, तिच्यातून गवताची मुळं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसतात. सून चांगली आहे. स्वयंपाकघर तिचं आहे. मी तिथे नातवंडांना वाढेन, फुकट.

काल शहराच्या ऑफिसात जाऊन सही करून आले, यापुढे विकणार नाही म्हणून. जाताना गाडीत मी वाक्यं जुळवत होते, इंग्रजीत, चांगली वाक्यं होती. कलमाचा नंबरही सांगणार होते. काउंटरपलीकडच्या माणसानं पेन पुढे केलं आणि मी एकही वाक्य बोलले नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी त्या कंदिलावरून भांडत आले, अण्णा. म्हणून हे पत्र तुम्ही हयात असतात तरी मी पाठवलं नसतं. पुढचं तुम्ही वाचलेलं मला चाललं नसतं. सही करून पेन परत ठेवताना मला बरं वाटलं. आता कोणी बेल वाजवणार नाही, एवढंच मनात आलं.